कूलंटची बाटली ठेवायची की काढायची? तीनशे रुपयांच्या वस्तूने वाचवलेला धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी हातात एक पांढरी प्लास्टिकची बाटली धरून उभा आहे. व्हिडिओ दहा-बारा मिनिटांचा असतो, त्यात सगळा हिशोब बसत नाही. म्हणून पूर्ण गोष्ट इथं लिहितोय. गाडीची गोष्ट आहे, पण ज्यांच्याकडं गाडी नाही त्यांनीही वाचा. शेवटी विषय तुमच्या गल्ल्यापर्यंत येणार आहे.

आधी उत्तर सांगून टाकतो. एटीव्हीची, म्हणजे ती चार जाड टायरांची, हँडलवाली गाडी, तिची कूलंटची बाटली काढायची का? नाही. तुटली असेल तर दुसरी बसवा, जागा अडत असेल तर जागा बदला. काढून मात्र टाकू नका. आता का, ते बघू.

प्रकरण काय होतं

आमच्या वसमतमध्ये माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, मागं छोटं गॅरेज. जानेवारीत एक पोरगा आला. वय चोवीस-पंचवीस. वसमत-औंढा रस्त्याला लागून त्यांचं शेत. त्याच्या डोक्यात एक आयडिया होती, आणि खरं सांगतो, आयडिया चांगली होती. नांदेडहून औंढा नागनाथला जाणारे भाविक आपल्या वसमतवरूनच जातात. बारा महिने गाड्या चालू असतात, महाशिवरात्रीला तर विचारूच नका. पण वाटेत लेकराबाळांना घेऊन तासभर थांबावं असं ठिकाण फार नाही. पोरानं ठरवलं, रस्त्याकडच्या अर्ध्या एकरात मातीचा ट्रॅक करायचा, एका एटीव्हीवर फेऱ्या द्यायच्या, बाजूला चहा, भजे आणि घरची हळद विकायला ठेवायची. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, बाहेरचा माणूस पाकिटावर नाव बघून घेतो. म्हणजे फेरीचे पैसे वेगळे, हळदीचे वेगळे.

कोकणात अलिबाग, नागाव, काशीदच्या किनाऱ्यांवर अशा गाड्या आपण सगळ्यांनी बघितल्यात. तिकडच्याच एका व्यावसायिकाकडून यानं जुनी गाडी घेतली. अडीचशे सीसीच्या आसपास इंजन, पुढं रेडिएटर, पंखा, सगळं. सौदा १,४०,००० चा. १,००,००० दिले होते, ४०,००० महिन्याभरात द्यायचे होते. ते लाख रुपये बापाच्या मागच्या वर्षीच्या हळदीचे होते. बाप पण सोबत आला होता. काही बोलला नाही, फक्त गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

गाडी टेम्पोतून उतरवली तेव्हा मला दिसलं, रेडिएटरच्या तोंडाकडून एक बारीक रबरी पाइप खाली लोंबतोय आणि त्याचं दुसरं टोक मोकळं. बाटली जागेवर नाही. बाटलीची पट्टी खाऱ्या हवेनं गंजून तुटलेली.

"दादा, विकणारा म्हणला ते काही कामाचं नसतं. उलट वाळूत अडकतं. म्हणून त्यानं काढून टाकलं," पोरगा म्हणाला. "तुम्ही बी नका बसवू. फक्त ऑइल बदला अन् ब्रेक बघा. मला शिवरात्रीच्या आधी ट्रॅक चालू करायचाय."

शिवरात्रीला तीन आठवडे होते.

बाटली काम काय करते

कुकर सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडं हळद शिजवायचा वाफेचा कुकरसुद्धा माहीत आहे. त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. ठरावीक दाबाच्या वर वाफ गेली की तो उघडतो. रेडिएटरचं झाकण हा तसाच प्रकार आहे. ते नुसतं झाकण नाही, त्यात स्प्रिंग आणि दोन वाल असतात.

पहिला वाल दाबाचा. साधं पाणी १०० अंशाला उकळतं. पण झाकणानं आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवला तर तेच पाणी १२० अंशाच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कूलंट मिसळलं असेल तर अजून वर. म्हणजे झाकण इंजनला वीस-पंचवीस अंशांची मोकळीक देतं. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना, ही मोकळीक फार मोठी गोष्ट आहे.

आता गरम झाल्यावर पाणी फुगतं. गार इंजनपासून चालत्या इंजनपर्यंत साधारण चार ते पाच टक्के. गाडीत दोन लिटर कूलंट मावत असेल तर ऐंशी ते शंभर मिली जास्तीचं झालं. एक कप चहा समजा. ते कपभर कूलंट कुठं जाणार? दाब वाढतो, झाकणाचा पहिला वाल उघडतो आणि ते बारीक पाइपातून बाटलीत जातं.

संध्याकाळी गाडी बंद केली, इंजन गार झालं, आतलं कूलंट आकसलं. आत पोकळी तयार होते. आता झाकणाचा दुसरा, छोटा वाल उघडतो आणि बाटलीतलं तेच कपभर कूलंट परत आत ओढलं जातं. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरलेला. रोज जातं, रोज येतं, थेंब वाया नाही.

म्हणून बाटलीतला पाइप तळापर्यंत बुडालेला पाहिजे. तो वर राहिला तर परत येताना कूलंटऐवजी हवा आत जाते. आणि बाटलीच्या स्वतःच्या टोपणाला बारीक भोक असतं, ते बुजवायचं नाही. ते बुजवलं तर ये-जा बंद.

इथं एक फरक लक्षात घ्या. बऱ्याच चारचाकींमध्ये दाबाचं झाकण रेडिएटरवर नसतं, बाटलीवरच असतं. तिथली बाटली पूर्ण दाबाखाली काम करते. ती काढायचा प्रश्नच येत नाही, ती काढली तर गाडी चालणारच नाही. एटीव्ही आणि पाण्यावर गार होणाऱ्या बाइकमध्ये मात्र झाकण रेडिएटरवर असतं आणि बाटली बाजूला लटकलेली. त्यामुळं ती "जादाची" वाटते. घोळ तिथंच होतो.

आणि लहान मुलांच्या ११०-१२५ सीसीच्या बहुतेक एटीव्ही हवेवर गार होतात. त्यांना रेडिएटरच नाही, बाटलीही नाही. गाडी घेताना आधी हे बघा.

"पण त्याची गाडी तर चालत होती की"

पोरानं हेच विचारलं. बरोबर प्रश्न आहे. बाटली नसतानाही गाडी चालते. विकणारा इथं खोटं बोलला नव्हता, अर्धं बोलला होता.

काय होतं बघा. बाटली नसली की पहिल्या दिवशी ते कपभर कूलंट जमिनीवर सांडतं. गार झाल्यावर पाइपातून आत येते हवा. आता रेडिएटरच्या वरच्या भागात कपभर हवा बसली. दुसऱ्या दिवशी फुगणाऱ्या कूलंटला त्या हवेची जागा मिळते, म्हणून सांडणं कमी होतं, मग जवळजवळ थांबतं. माणूस म्हणतो, बघा, काही होत नाही.

जुन्या ट्रॅक्टरला असंच असायचं. बाटली नव्हती, पाइप खाली सोडलेला. माझे एक मिस्त्रीकाका आहेत, त्यांनी आयुष्य ट्रॅक्टरमध्ये घातलं. ते म्हणाले, "आमच्या वेळंला कुठं बाटल्या होत्या रे?" नव्हत्या, खरं आहे. पण त्या रेडिएटरला वर भलीमोठी पितळी टाकी असायची. हवेसाठी जागा त्यात मुद्दाम सोडलेली. पाणीही भरपूर मावायचं. आणि ड्रायव्हर रोज सकाळी झाकण उघडून डबकीनं पाणी ओतायचा, तो त्याचा नेमच होता. एटीव्हीचा रेडिएटर वहीएवढा. वर टाकी नाही. त्यात कपभर हवा म्हणजे फार झाली. गाडी चढावर, उतारावर, एका बाजूला कलंडून चालते. ती हवा फिरत फिरत इंजनच्या हेडमध्ये गेली की तेवढ्या जागी कूलंट लागत नाही. तिथं हेड तापतं, वाकतं आणि हेडचं पॅकिंग उडतं.

दुसरी गोष्ट, मोकळा पाइप गार होताना जे समोर असेल ते ओढतो. शेतातल्या ट्रॅकवर समोर काय असणार? धूळ.

काही जण शर्यतीच्या गाड्यांचं उदाहरण देतात. मोटोक्रॉसच्या बऱ्याच बाइकना कंपनीकडूनच बाटली नसते, हे खरं आहे. पण ती बाइक दर शर्यतीआधी तपासली जाते, झाकण उघडून पातळी बघतात. तुमची गाडी दिवसभर भाड्यानं फिरणार, चालवणारा दर दहा मिनिटाला नवा. रोज सकाळी झाकण उघडून कोण बघणार आहे? पहिले आठ दिवस बघाल. नवव्या दिवशी चहाच्या गिऱ्हाइकात विसराल. मीही विसरेन.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. तो मोकळा पाइप नेमका पायाजवळ संपत होता. इंजन तापलं तर शंभर अंशाचं पाणी बसणाऱ्याच्या घोट्यावर उडणार. बसणारं कोण? कुणाचं तरी लेकरू. जमिनीवर सांडलेलं कूलंटही विषारी असतं. त्यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड. कुत्रं, शेळी, वासरू चाटून जातं आणि किडनी जाते. यांच्या आखाड्यावर चार शेळ्या होत्या.

एवढं ऐकल्यावर बाप पहिल्यांदा बोलला. "बसवा."

बाटली बसवली आणि खरं प्रकरण बाहेर आलं

त्या गाडीची मूळ बाटली मागवायला वेळ लागणार होता. पण बाटलीला बाटलीच पाहिजे असं काही नाही. यामाहा आर-१५ आपल्याकडं २००८ मध्ये आली. पल्सर २०० एनएस आणि आपल्या चाकणमध्ये बनणारी केटीएम ड्यूक २००, या दोन्ही २०१२ च्या. या पाण्यावर गार होणाऱ्या बाइक आता गावोगाव आहेत, त्यामुळं त्यांच्या बाटल्या दुकानात मिळतात. जागेत बसणारी एक निवडली. बाटली, नवा पाइप, क्लिपा आणि वेल्डिंगच्या दुकानातून नवी पट्टी, सगळं मिळून पाचशेच्या आत. त्यातली बाटली तीनशेची.

पाण्याची रिकामी बाटली तारेनं बांधणारेही मी बघितलेत. तसं करू नका. ते प्लास्टिक सत्तर-ऐंशी अंशाला मऊ पडतं, आकसतं. गरम कूलंट आलं की तुमची बाटली शेंगदाण्याच्या टरफलासारखी होते.

जुनं कूलंट सोडलं तर ते कूलंट नव्हतंच, गढूळ तपकिरी पाणी होतं. आपलं बोअरचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो ना, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. म्हणून बोअरचं पाणी नाही, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. आतून धुतलं, नवं भरलं, हवा काढली, इंजन चालू केलं.

दोन मिनिटांत बाटलीत बुडबुडे.

पहिल्या दिवशी मी घाबरलो नाही. नवं कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा बाहेर येतेच. दोनदा इंजन गरम केलं, दोनदा पूर्ण गार होऊ दिलं, पातळी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी, एकदम गार इंजनवर, पुन्हा चालू केलं. एखाद्या मिनिटात परत बुडबुडे. एका लयीत, थांबायचं नाव नाही. हात लावला तर रेडिएटर अजून गारच होता. गार रेडिएटरमध्ये कूलंट फुगायला वेळ लागतो. एवढ्या लवकर दाब कुठून आला?

सिलिंडरमधून. हेडचं पॅकिंग गळत होतं आणि जळलेला गॅस कूलंटमध्ये घुसत होता. खात्रीसाठी नांदेडच्या मित्राकडून टेस्टर मागवलं. त्यात निळं द्रव असतं, रेडिएटरच्या तोंडावर धरायचं. जळलेला गॅस लागला की निळ्याचं पिवळं होतं. पिवळं झालं.

आता लक्षात घ्या मंडळी. बाटली वाळूत अडकायची म्हणून काढली होती की ती सारखी भरून वाहायची म्हणून काढली होती, हे मला माहीत नाही. विकणाऱ्याच्या मनात शिरता येत नाही. पण एक नक्की, बाटली असती तर हा दोष गाडी घेतानाच दोन मिनिटांत दिसला असता. बाटली नव्हती म्हणून दिसला नाही. बाटली दोष तयार करत नाही, बाटली दोष दाखवते. साक्षीदार आहे ती.

शिवरात्रीचा प्रश्न

काम मोठं निघालं. हेड उतरवायचं, लेथवर फेसिंग करून सपाट करायचं, नवं पॅकिंग, ऑइल, कूलंट, मजुरी. अंदाज १४,००० चा. आणि पॅकिंग बाहेरून मागवायचं, म्हणजे शिवरात्रीच्या आत होणं अवघड.

पोराचा चेहरा उतरला. मग तो म्हणाला, "दादा, शिवरात्रीचे दोन दिवस चालवू द्या. हळूहळू चालवतो. मग उघडू. दोन दिवसांत काय होणारंय?"

मला त्याचा राग आला नाही. त्याच्या वहीत हिशोब लिहिलेला होता. दोन दिवस, रोज तीस फेऱ्या, दीडशे रुपये फेरी, म्हणजे ९,००० रुपये. चहा, भजे आणि हळद वेगळी. धंद्याच्या पहिल्या दोन दिवसांत एवढे पैसे कोण सोडेल? आम्ही वहीचं दुसरं पान काढलं आणि उलटी बाजू लिहिली.

एक, हळू चालवल्यानं इंजन गार राहत नाही. उलट, हळू फेऱ्यांमध्ये रेडिएटरवर वारा कमी लागतो, सगळा भार एकट्या पंख्यावर. दोन, पॅकिंग आज गळतंय, उद्या फुटलं तर कूलंट ऑइलमध्ये जाईल, मग बेअरिंग आणि क्रँकपर्यंत काम. १४,००० चे ४०,००० व्हायला वेळ लागत नाही. तीन, गाडी एकच. ती गर्दीत बंद पडली तर रांगेतल्या लोकांना पैसे परत आणि रस्त्यावर बदनामी. चार, जे पैशात लिहिता येत नाही ते, कुणाच्या पायावर उकळतं पाणी उडालं तर? पहिल्याच दिवशी.

मी त्याला एकच विचारलं, "तुझी धाकटी बहीण या गाडीवर मागं बसवशील का, आज, अशा अवस्थेत?"

तो गप्प बसला. बाप म्हणाला, "राहू द्या मास्तर. शिवरात्र दरसाल येते."

गाडी उघडली. शिवरात्रीला गाडी आमच्या गॅरेजमध्ये होती आणि पोरगा रस्त्याकडेला नुसता चहा अन् हळद घेऊन बसला होता. संध्याकाळी फोन आला, हळदीची अठरा पाकिटं गेली. नऊ हजारांच्या जागी फार थोडे पैसे. ते नुकसान खरं होतं, त्याला मी गोड रंग देणार नाही.

दरम्यान मी बुडबुड्यांचा आणि टेस्टरचा मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. तो विकणाऱ्याला पाठवला. भांडण नाही, शिव्या नाहीत. "गाडीत हा दोष आहे, हा खर्चाचा अंदाज, राहिलेल्या चाळीसमधून वजा करू." तो आधी नाही म्हणाला, मग दोन दिवसांनी ९,००० सोडायला तयार झाला. म्हणजे ४०,००० ऐवजी ३१,००० द्यायचे राहिले. दुरुस्तीचं बिल अंदाजाप्रमाणे १४,००० च झालं, त्यातले ५,००० पोराच्या खिशातून गेले. पूर्ण न्याय नाही, पण पुरावा नसता तर तेवढंही मिळालं नसतं. आणि पैसे बाकी नसते तर त्यानं फोनही उचलला नसता. जुनी वस्तू घेताना काही रक्कम तपासणीनंतर द्यायची ठेवा, हा यातला छोटा धडा.

ट्रॅक पाडव्याला चालू झाला.

आता माझी चूक

तुम्ही म्हणाल, हा माणूस फार शहाणा. नाही. हे शहाणपण मी पैसे भरून विकत घेतलंय.

बीबीए करून दुकान टाकलं त्या पहिल्या वर्षी एक गिऱ्हाईक पाण्यावर गार होणारी बाइक घेऊन आला. बाटली फुटलेली. माझ्याकडं बाटली शिल्लक नव्हती, गिऱ्हाईक घाईत. मी म्हणालो, "पाइप खाली सोडून देतो, काही होत नाही." तेच वाक्य. एप्रिल महिना होता. तीन आठवड्यांनी बाइक परभणीच्या रस्त्यावर बंद पडली, हेड वाकलेलं. बिल मी भरलं. गिऱ्हाईक तरीही परत आलं नाही.

त्यापेक्षा मोठी चूक दुकानात केली. त्याच वर्षी माझ्याकडं उधारीची वही होती. रोज संध्याकाळी लिहायची. दिवाळीनंतर ती वही बघितली की पोटात गोळा यायचा, आकडा वाढतच चालला होता. मग काय केलं? वही लिहायचीच बंद केली. "डोक्यात आहे सगळं," असं घरी सांगायचो. दुकान चालू होतं, गिऱ्हाईक येत होतं, सगळं बरं दिसत होतं. सहा महिन्यांनी होलसेलवाल्याचे पैसे द्यायला गल्ल्यात पैसे नव्हते, तेव्हा कळलं.

त्या पोराची गाडी बघताना मला ती वही आठवली. मीही बाटलीच काढून टाकली होती. गळती वही करत नव्हती, वही फक्त दाखवत होती. मी दाखवणारी वस्तू बंद केली आणि गळती चालू ठेवली.

छोट्या धंद्यात आपण खर्च कमी करायला बसतो तेव्हा पहिल्यांदा अशाच वस्तूंवर हात पडतो. रोजची वही. महिन्याला स्टॉक मोजणं. गिऱ्हाइकाच्या तक्रारी लिहायचं पान. महिनाभराच्या भाड्याएवढी बाजूला ठेवलेली रक्कम. यातलं काहीच "विक्री" करत नाही, म्हणून बिनकामाचं वाटतं. पण चांगल्या महिन्यात जास्तीचं जातं कुठं, वाईट महिन्यात परत येतं कुठून आणि गळतंय कुठं, हे सगळं तिथंच दिसतं.

म्हणून कुठलीही वस्तू काढण्याआधी स्वतःला विचारा, मी खर्च काढतोय की साक्षीदार काढतोय?

एटीव्ही किंवा बाइकवाल्यांसाठी तपासणी

१. गरम इंजनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. फडकं धरूनसुद्धा नाही. तासभर तरी थांबा.

२. बाटलीवर वरची-खालची खूण असते. नसेल तर मार्करनं करा. गार असताना पातळी दोन खुणांच्या मध्ये पाहिजे.

३. गार असताना पातळीवर रेघ मारा. गाडी चालवा, गरम झाल्यावर परत बघा, पातळी थोडी वर आलेली दिसेल. रात्रभर गार होऊ द्या. सकाळी पहिल्या रेघेवर आली तर सगळं ठीक.

४. वर गेली आणि परत आली नाही, तर झाकण खराब आहे किंवा पाइपाला चीर आहे. झाकण बदला, स्वस्त काम आहे. पण दाबाचा आकडा मूळ झाकणावर असेल तोच घ्या.

५. पातळी रोज कमी होते, तर कुठंतरी गळतंय. खाली ओलं नसेल तर ऑइल बघा. दुधाळ झालं असेल तर गाडी चालवू नका.

६. हवा काढल्यानंतरही गार इंजनवर बाटलीत सतत बुडबुडे, तर हेडचं पॅकिंग तपासा.

७. बाटली सायलेन्सरपासून लांब, झाकणाच्या बरोबरीला किंवा थोडी खाली बसवा. पाइप तळापर्यंत, कुठं दुमडलेला नको.

८. बाटली वाटेत फुटली आणि घरी यायचंय, तर पाइपाचं टोक पायापासून आणि सायलेन्सरपासून लांब बांधा, हळू या, वाटेत थांबत या. ही घरी येण्यापुरती सोय, रोजची नाही.

आणि ज्यांना असा ट्रॅक टाकायचाय त्यांच्यासाठी, बहुतेक एटीव्हींची रस्त्यावर चालवायला नोंदणी होत नाही. आपल्या शेतात, आपल्या कुंपणाच्या आतच चालवा. हेल्मेट द्या आणि विम्याबद्दल आधीच विचारून घ्या.

या आठवड्याचं काम

वही काढा. गेल्या वर्षभरात तुम्ही धंद्यातून "बिनकामाचं" म्हणून काय काय बंद केलं, त्याची यादी करा. प्रत्येकापुढं लिहा, यातून मला काय दिसत होतं? ज्याच्यापुढं उत्तर आलं, ते या सोमवारपासून परत चालू करा. पाच मिनिटांचं काम असलं तरी चालेल.

परवा त्या पोराचा फोन आला होता. म्हणाला, दादा, बाटलीची पातळी आता मी नाही बघत. माझ्या पोटात धस्स झालं. मग हसून म्हणाला, "बाबा बघतात. रोज सकाळी शेळ्या सोडायच्या आधी. तुम्ही मारलेल्या रेघेवर बोट ठेवून."

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गल्ला सांभाळा, वही लिहा.